सूर्य बुडायच्या आत

कुत्रा आहे हे आधी सांगावं की घर बघून झाल्यावर, हे मला धुळ्यात शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आधी सांगितलं तर फोनवरच नकार. नंतर सांगितलं तर घरमालकाच्या चेहऱ्यावर असा भाव, की मी त्याला फसवून त्याच्या घरचा चहा प्यायले. देवपुरातले एक गृहस्थ मला ‘मॅडम, मॅडम’ करत गच्चीपर्यंत दाखवून आले, आणि कुत्र्याचं नाव काढल्याबरोबर त्यांना एकदम आठवलं की खोली तर मेहुण्याला द्यायची आहे. साक्री रोडला एका बाईंनी विचारलं, ‘दिवसा असू द्या हो, पण रात्री तो आपल्या घरी जाईल ना?’ त्याचं घर म्हणजे मीच, हे त्यांना कसं समजावायचं ते मला कळेना. मी मान हलवून पायऱ्या उतरले.

मुळात मी धुळ्याला आले ती बढती घेऊन. किती वर्षं त्या बढतीची वाट पाहिली होती ते सांगत नाही, पण माझ्यामागून लागलेली माणसं माझ्या वरच्या खुर्चीत बसून मला ‘ताई, जरा ती फाईल’ म्हणायला लागली होती. अखेर माझं नाव वर आलं, जागा मात्र मिळाली धुळ्याची. जळगावला जागा रिकामी झाली की परत घेऊ, तोवर काढा दिवस, असं साहेबांनी सांगितलं. मुलगा पुण्याला, नवरा जळगावात चटईच्या कारखान्यात सुपरवायझर. मी म्हटलं, एकटीच जाते, छोटी खोली घेते. कुत्रा नवऱ्याकडे राहील.

कुत्रा राहिला, पण जेवेना. आमचा कुत्रा म्हणजे काही बंगल्यातला नव्हे. तांबूस गावठी, एक कान उभा, एक पडलेला. मुलाने पावसात उचलून आणला आणि मग स्वतः पुण्याला निघून गेला, तेव्हापासून माझ्या गळ्यात. मी गेल्यावर तो फाटकाशी जाऊन बसला तो बसलाच. नवऱ्याने दूध ठेवलं, भाकरी कुस्करून ठेवली, शेवटी अंडं उकडून ठेवलं. रोज फोनवर एकच ऐकायला मिळायचं, ‘वास घेतो आणि तोंड फिरवतो.’ मी काळजीने ‘अरे देवा’ म्हणायचे खरी, पण आतून बरंही वाटायचं. घरात माझ्यावाचून कुणाचं अडतं हे इतक्या स्पष्टपणे आजवर कुणी दाखवलं नव्हतं. मी म्हटलं, पाठवून द्या त्याला. असोद्याचा एक ओळखीचा केळीवाला धुळ्याला माल आणायचा, त्याच्या टेम्पोत केळीच्या घडांमध्ये बसून आमचे चिरंजीव धुळ्यात उतरले आणि उतरल्याबरोबर माझ्या चपला चाटत सुटले. पहिले दोन आठवडे ऑफिसातल्या एका मैत्रिणीने कसंबसं आम्हाला सांभाळून घेतलं. मग मांजी भेटल्या.

मांजी म्हणजे मारवाडी जैन घरातल्या सत्तरीच्या बाई. यजमान गेलेले, आग्रा रोडवरचं कापडाचं दुकान पुतण्या बघतो, मुलगा सुरतेला. भल्यामोठ्या घरात त्या एकट्या. मागच्या अंगणाला लागून दोन खोल्या भाड्याच्या. भाजीवालीशी त्या थेट अहिराणीत भांडायच्या, ‘इतलं महाग काबर वं माय?’ आणि लगेच माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत, ‘बोला बाई.’ मी या वेळी आधीच सांगून टाकलं, की कुत्रा आहे. त्यांनी कुत्र्याकडे बघितलं. कुत्र्याने त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी अटी सांगितल्या. अंडं-मांस आवारात येणार नाही. कुत्रा अंगणात फिरेल, तुमच्या खोलीत झोपेल, माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. फाटकाला कडी कायम. मी इतक्या जोरात हो म्हटलं की त्या जरा मागे सरकल्या.

सुरुवातीला सगळं छान चाललं. सकाळी तो दूध-पोळी खायचा, मी ऑफिसला जायचे, संध्याकाळी दिवेलागणीनंतर आले की माझ्याभोवती नाचायचा आणि मग माझ्यासोबत जेवायचा. मी खाली बसून, तो समोर. आपण धुळ्यात संसार मांडला असं मला वाटायला लागलं होतं.

आणि मग एका संध्याकाळी त्याने भाकरीचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशीही तेच, सकाळची दूध-पोळीसुद्धा अर्धीच. तिसऱ्या दिवशी मी तूप लावलं. त्याने तूप चाटलं, माझ्यावर उपकार केल्यासारखं, आणि जाऊन पायपुसण्यावर झोपला. जळगावात जे झालं तेच इथे सुरू झालं की काय? पण तेव्हा मी नव्हते. आता तर मी समोर बसून त्याच्या नाकाशी घास धरत होते. मग हा कुणासाठी उपाशी राहतो?

मला वाटलं, अंड्याची सवय, ती तुटली म्हणून असेल. संध्याकाळी त्याला दोरी बांधून नदीच्या पुलापर्यंत नेलं. पांझरेच्या काठाला भुर्जीच्या गाड्या लागतात. आवारात नको म्हटलंय, गावात नको असं कुठे म्हटलंय, अशी मनाची समजूत घालत मी उकडलेलं अंडं सोलून त्याच्यापुढे धरलं. गाडीवाला, त्याची गिऱ्हाइकं, सगळे आमच्याकडे बघायला लागले. कुत्र्याने अंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुलावरून जाणाऱ्या बसकडे. शेवटी ते अंडं, पोराबाळांच्या आईने उरलेलं संपवावं तसं, मीच उभ्या उभ्या खाल्लं.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचे डोळे बघितले, पोट दाबलं, जीभ ओढली. ‘अंगाने तर चांगला आहे हो. बाहेर कुठे खात असेल.’ पण फाटकाला कडी, भिंत उंच, अंगणात मांजींशिवाय कुणी नाही. मी घरी येऊन त्यांनाच विचारलं, ‘दिवसा याला कुणी काही घालतं का हो?’ त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘मी तर कुणाला पाहिलं नाही.’ झालं, विषय संपला. कारण मांजी पाणी गाळून पितात, अंधार पडल्यावर घोटभर पाणीसुद्धा घेत नाहीत, मुंगी दिसली तर झाडू बाजूला ठेवून ती जाईपर्यंत थांबतात. अशी बाई कुत्र्यावरून खोटं बोलेल हे माझ्या मनातही आलं नाही. माझा संशय पुन्हा कुत्र्याच्या मनाकडे वळला.

आमच्या ऑफिसात शिंदखेड्याकडचे एक शिपाई होते, निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना आबा म्हणायचे. चहा ठेवता ठेवता त्यांनी माझं तोंड बघून विचारलं आणि मी सगळं सांगून बसले. आबा म्हणाले, ‘मॅडम, त्याले हाई गाव मानेल नही शे. जयगावले लई जा, मंग दखा कसा खास.’ म्हणजे त्याला धुळं मानवलेलं नाही, जळगावला नेऊन बघा कसा खातो ते. बोलणं साधं होतं, पण मला ते डॉक्टरांपेक्षा पटलं. शनिवारी केळीवाल्याचा रिकामा टेम्पो परत जात होता, त्यात मी कुत्र्याला घेऊन पुढे बसले. एरंडोल येईपर्यंत तो खिडकीतून तोंड बाहेर काढून बसला होता.

जळगावात त्या रात्री नवरा जेवायला बसला, मी बसले, आणि कुत्र्याने आपली जुनी ताटली अशी चाटूनपुसून साफ केली की नवरा हसायला लागला. मला रडू आलं. रविवारीही तसाच जेवला. सोमवारी धुळ्याला परत आलो आणि संध्याकाळी पुन्हा पायपुसणं आणि फिरवलेलं तोंड.

आता शंकेला जागाच राहिली नाही. त्याला मी हवी आणि आपलं घरही हवं, दोन्ही एका वेळी. नवरा फोनवर म्हणाला, ‘तू ठरव.’ हे वाक्य नवरे जेव्हा म्हणतात तेव्हा ठरवण्यासारखं काही उरलेलं नसतं. मी आठवडाभर झोपले नाही. एका बाजूला इतक्या वर्षांनी मिळालेली खुर्ची, जी एकदा नाकारली की पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूला एक कान पडलेलं जनावर, ज्याने कधी काही मागितलं नाही आणि आता अन्नही मागत नव्हतं. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, ‘आई, तू कुत्र्यासाठी प्रमोशन सोडणार?’ त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते वेडेपणाचं वाटलं आणि त्याच तिरीमिरीत मी अर्ज लिहिला. कारणाच्या जागी ‘कौटुंबिक अडचण’ लिहिलं. पदोन्नती नको, जळगावला जुन्या जागेवर घ्यावं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, सही केली, कागद नाशिकच्या विभागीय ऑफिसला रवाना झाला.

मग पर्युषण आलं. मांजी अठाईला बसल्या, म्हणजे आठ दिवस निव्वळ उकळलेल्या पाण्यावर, तेही दिवसाउजेडीच. त्या वयात! मी सकाळी जाताना लांबून नमस्कार करायचे. त्यातल्याच एका दिवशी ऑफिस लवकर सुटलं. ऊन अजून भिंतीवर होतं. मागच्या मोरीपाशी हात धुवायला गेले तर तिथे मांजींचा तवा उपडा टाकलेला. मी तो बाजूला सारायला गेले आणि हात झटकला. तवा गरम होता. हवेत फुलक्याचा ताजा वास.

घरात दुसरं माणूस नाही. आठ दिवसांचा उपवास. आणि गरम तवा. मी तिथेच उभी राहिले. मला काय वाटलं ते सांगते. आधी धक्का, मग चक्क हसू, मग त्या हसण्याची लाज. बिचारीला नसेल सोसलं, असं मी मनाशी म्हटलं. सगळं जग हत्तीवरून मिरवणूक काढायचं बाकी ठेवून तिच्या पाया पडतंय, आणि ही म्हातारी गुपचूप फुलके खाते. मी पाय न वाजवता खोलीत आले. कुत्रा नेहमीसारखा पायपुसण्यावर तृप्त पडला होता. आता लिहिताना ‘तृप्त’ हा शब्द सुचतो. त्या दिवशी मला तो उदास दिसला होता.

संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, उलटल्यावरच्या सकाळी अंगणात पारण्याची गडबड होती. सुरतेचा मुलगा आला होता, बायका येत-जात होत्या, एकमेकींना हात जोडत होत्या. मी ऑफिसला निघाले तोच मांजी काठी टेकत माझ्या दाराशी आल्या. आठ दिवसांत अर्ध्या झालेल्या. त्यांनी हात जोडले, ‘मिच्छामि दुक्कडम्, बाई.’ वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, असं ते मागणं, हे मला माहीत होतं. फोनवर फुलांच्या चित्रांसकट ढिगाने येतंच ते. मी घाईने हात जोडले. पण त्या गेल्या नाहीत. त्या वाकल्या, फार कष्टाने वाकल्या, आणि माझ्या कुत्र्यापुढे हात जोडून तेच शब्द म्हणाल्या. कुत्र्याने शेपटी हलवली.

‘त्याने कसली क्षमा करायची?’ मी विचारलं.

‘त्याच्या नावावर खोटं बोलले,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही विचारलं होतं, कुणी घालतं का. मी म्हटलं, पाहिलं नाही. मीच घालते बाई, रोज.’

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. त्या सूर्य बुडायच्या आत जेवतात. ताट वाढून घेतलं की हा समोर अंगणात बसून बघायचा. भुकेल्या जिवाच्या डोळ्यांदेखत घास कसा उतरणार? पहिल्या दिवशी त्यांनी उंबऱ्याबाहेर एक फुलका ठेवला. मग दोन. मग एक दिवस पाऊस होता म्हणून त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं. ‘आणि तुम्ही त्याला अंधार पडल्यावर वाढणार. त्याला कळत नाही म्हणून आपण का रात्रीचं खाऊ घालायचं?’ उंबऱ्याचा नियम त्यांचाच, तो त्यांनीच मोडला, म्हणून बोलायची लाज वाटली. अठाईच्या दिवसांत स्वतः पाण्यावर राहून त्याच्यासाठी तेवढे दोन फुलके भाजत होत्या.

गरम तव्याबद्दल मी काय समजले होते ते सांगायला माझी जीभ रेटेना. मी नुसती हो हो करत राहिले. डोक्यात एकच चाललं होतं. नाशिकला गेलेला कागद.

ऑफिसात जाऊन मी सरळ साहेबांसमोर उभी राहिले. म्हटलं, अर्ज मागे घ्यायचा आहे. साहेबांनी पेन खाली ठेवलं. ‘कौटुंबिक अडचण दूर झाली?’ मी म्हटलं, अडचण नव्हतीच. म्हणजे होती, पण ती जेवत होती. साहेबांनी पेन पुन्हा उचललं. म्हणाले, तुमच्या जागी खालचं नाव वर गेलंय, त्या माणसाने पेढेसुद्धा वाटले, आता तो कागद मागे येणार नाही. बाहेर आल्यावर आबांनी हळूच विचारलं, ‘काय व्हयनं, मॅडम?’ मी काय सांगणार? जळगावात तो दोन दिवस पोटभर जेवला, कारण तिथे त्याला संध्याकाळी कुणी आधी जेवू घातलं नव्हतं. इतकं साधं होतं ते. मला स्वतःचा, कुत्र्याचा, मांजींचा, नाशिकच्या ऑफिसचा, सगळ्यांचा राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा तेच समजत नव्हतं.

जळगावला परत जायचा आदेश यायला उन्हाळा लागला. तोवर मी त्याच खुर्चीत बसून, ती जाणार हे माहीत असून, फायली काढत राहिले. आता मांजींकडे लपवालपवी उरली नव्हती. सुट्टीच्या दिवशी मी माझ्या दारातून बघायचे. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं की त्या स्वयंपाकघराच्या दाराशी पाट मांडायच्या, एका बाजूला आपलं ताट, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमची ताटली, आणि त्याला हाक मारायच्या, ‘आवो सा, जीमो सा.’ या, जेवा. जावयाला म्हणावं तसं. माझ्या कुत्र्याला उभ्या जन्मात कुणी अहो-जाहो केलेलं नव्हतं. तो डुलत डुलत जायचा. मांजी पहिला घास घेईपर्यंत तो थांबायचा, आणि तो खायला लागेपर्यंत मांजी दुसरा घास घ्यायच्या नाहीत. त्या दोघांच्या मध्ये मी जाऊन बसावं असं खूपदा वाटलं. पण मला कुणी हाक मारलेली नव्हती.

निघायच्या दिवशी मांजी फाटकापर्यंत आल्या नाहीत. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि खाकऱ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. ‘याच्यासाठी आहे. दिवस असेपर्यंतच द्या,’ एवढंच म्हणाल्या. टेम्पो हलला तेव्हा कुत्रा केळीच्या रिकाम्या क्रेटवर उभा राहून मागे बघत होता.

जळगावात पहिल्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून धावतपळत येऊन उजेडातच ताटली ठेवली, खाकरा दुधात कुस्करला. त्याने वास घेतला, तोंड फिरवलं, आणि जाऊन फाटकाशी बसला. तीच जागा, जिथे तो कधीकाळी माझ्यासाठी बसला होता. रात्री नवऱ्याच्या ताटातलं अंडंही नको. मी त्याच्याजवळ खाली बसले आणि त्याला अक्षरशः रागावले. अरे, मी आहे ना इथे? तुझ्यासाठी सगळं सोडून आले ना? तो मान पुढच्या पायांवर ठेवून रस्त्याकडे बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी मी हार मानली. संध्याकाळी मांजींना फोन लावला, काय झालंय ते सांगितलं आणि फोन त्याच्या उभ्या कानाशी धरला. पलीकडून थरथरत आवाज आला, ‘आवो सा, जीमो सा.’ तो ताडकन उठला. फोनचा वास घेतला, माझ्या मागे जाऊन बघितलं, दाराच्या मागे बघितलं, आणि मग कोड्यात पडल्यासारखा ताटलीपाशी येऊन खायला लागला. मी म्हटलं, मांजी, खातोय. त्या म्हणाल्या, ‘मग मीही घेते घास.’ तेव्हा कुठे मला कळलं की तीन दिवस तिकडेही ताट वाढून नुसतं झाकून ठेवलं जात होतं.

तेव्हापासून रोज ऊन उतरायला लागलं की मी फोन लावते. नवरा याला ‘ऑनलाइन पंगत’ म्हणतो. जुन्या खुर्चीत बसून, ज्यांना मी शिकवलं त्यांच्याच सह्यांसाठी फायली नेऊन देते, आणि घरी येऊन फोन धरून उभी राहते. हेवा वाटतो का? वाटतो. त्या म्हातारीचा, या कुत्र्याचा, दोघांचाही. पण फोन लावायचा राहिला असं एकदाही होऊ दिलं नाही.

परवा मात्र उशीर झाला. ऑफिसात साहेबांनी थांबवलं. घरी पोचले तर कुत्रा पायपुसण्यावर आडवा झालेला, आणि नवरा सांगत होता, ‘अगं, आज मी सहज भाकरी टाकली तर न बोलावता खाल्ली त्याने. सगळी.’ मी त्याच्याजवळ बसले, त्याचं फुगलेलं पोट चाचपलं. सुटला, म्हटलं. आपल्या घरात परत आला. इतकं मोकळं मला किती दिवसांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे मांजी. समोरच्या गच्चीवरून शेवटचं ऊन निघायच्या बेतात होतं.

‘बाई, आज फोन नाही? माझं ताट वाढलेलं आहे. दिवस चाललाय.’

मी कुत्र्याकडे बघितलं. तो घोरत होता.

‘वाट बघतोय तो तुमची,’ मी म्हणाले. ‘बोला ना.’ आणि फोन त्याच्या कानाशी नेला.

‘आवो सा, जीमो सा.’

त्याचा कान हलला, डोळे उघडले नाहीत.

‘जेवतोय?’

‘जेवतोय, मांजी,’ मी म्हटलं. पलीकडे ताट ओढून घेतल्याचा आवाज आला.